तीसपैकी तीस

माझ्या दाजींबद्दल कुणी चांगलं बोललं की मला आधी बोलणाऱ्याचा संशय येतो, आणि मग दाजींचा. हा माझा स्वभाव आहे, तो मी लपवत नाही. ताई, म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, मला लहानपणापासून शंकासुर म्हणते. घरात दूध नासलं तरी हा कुणी नासवलं ते शोधत बसायचा, असं ती येईल त्याला सांगते. तपासनिसाच्या कामाला असाच माणूस लागतो, असं मी तिला सुनावतो. त्यावर ती म्हणते, "मग हे कसे टिकले त्या कामात? ह्यांना तर कुणाचाच संशय येत नाही." हे म्हणजे दाजी, तिचा नवरा.

दाजी आणि मी एकाच कारखान्यात एकच काम करतो. फ्रिजची पत्र्याची दारं रंग मारून, भट्टीत भाजून बाहेर आली की आमच्यापुढं येतात. तिन्ही बाजूंना आणि वर ट्यूबलाइट लावलेली एक खोली आहे, तिला बूथ म्हणतात. तिथं उभं राहून दार बघायचं. रंगात धुळीचा दाणा अडकलाय का, रंग ओघळलाय का, चकाकी कुठं धुरकट झालीय का. दार चांगलं असेल तर मागच्या बाजूला आपल्या नंबरचा शिक्का, नसेल तर लाल चिकटपट्टी. ऐकायला सोपं वाटतं. पण जे दार मला सकाळी चांगलं वाटतं तेच जेवल्यावर वाईट वाटतं, आणि शेजारच्याला दोन्ही वेळा माझ्या उलट वाटतं. यावरून भांडणं होतात, म्हणून गिऱ्हाईक कंपनी आम्हाला हाताच्या पंज्याएवढ्या, रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या देते. प्रत्येक पाटीवर एकेक दोष मुद्दाम ठेवलेला असतो. एवढा चालेल, याच्या पुढं नाही, अशी ती हद्द. दार आणि पाटी शेजारी शेजारी धरायची आणि ठरवायचं.

दाजी पहिल्या पाळीला, मी दुसऱ्या. त्यांना बूथमध्ये एकोणीस वर्षं झाली. त्याआधी नऊ वर्षं ते रंगखात्यात फवाऱ्याची बंदूक धरायचे. मग छातीनं बंड केलं, डॉक्टरांनी रंगाच्या वाफेत जायला बंदी केली आणि दाजी रंगखात्यातून मधल्या काचेच्या अलीकडं, बूथमध्ये आले. रंगारी असताना रंगाऱ्याच्या सगळ्या खोड्या त्यांनी स्वतः केलेल्या, त्यामुळं त्यांच्यापुढं कुणाची डाळ शिजत नसे.

ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी शाळेत होतो. वडिलांनी खुर्ची दिली, पण हे बसेनात. कपाटापुढं उभे राहून मान एका बाजूला कलती करून बघत राहिले आणि म्हणाले, "दमट दिवसात रंगवलंय हे." वडिलांचा चेहरा पडला. कपाट त्यांनीच रंगवलं होतं. हा माणूस लग्न ठरवायला आलाय की कपाट विकत घ्यायला, अशी पाल माझ्या मनात तेव्हाच चुकचुकली होती.

घरीही त्यांचं हेच. नवीन ताट आणलं की ट्यूबखाली तिरकं करून बघणार. भाची नवे कपडे घालून "बाबा, कशी दिसते?" म्हणाली की तिला खिडकीपाशी नेऊन उजेडात उभं करणार. पुढं पुढं तिनं विचारायचंच सोडलं. खोट काढायची हौस म्हणून नाही, त्यांना खरोखर वाटे की विचारलंय तर नीट बघून सांगावं. असली सरळ माणसं मला अवघड जातात. कुठून धरायची तेच कळत नाही.

सुरुवात झाली ती परत आलेल्या दारांपासून. काळ्या रंगाची बावीस दारं गिऱ्हाइकानं परत पाठवली. काळा रंग म्हणजे आमच्या धंद्यातलं दुखणं. पांढऱ्यावर खपून जातं ते काळ्यावर लख्ख दिसतं. बावीसच्या बावीस दारांवर चकाकी धुरकट होती, आरशावर फुंकर मारल्यासारखी. आणि बावीसच्या बावीस दारांच्या मागं चार नंबरचा शिक्का होता. चार नंबर दाजींचा.

मी लगेच मागचे आकडे काढले. माझ्या पाळीत शंभरातली चौदा काळी दारं लाल पट्टी लागून रंगखात्याकडं परत जात होती, दाजींच्या पाळीत पाच. रंग तोच, भट्टी तीच, पत्रा तोच. रंगखात्याचा मुकादम, ज्याला त्याच्या आवाजामुळं सगळे तोफ म्हणतात, तो गेलं वर्षभर माझ्या नावानं ओरडत होता. "दाजी सोडतात आणि हा मेव्हणा अडवतो! ह्याला आमचं बघवत नाही!" आजवर मी ते ऐकून सोडून देत होतो. आता मला वेगळाच वास यायला लागला. कारण महिन्याभरापासून दाजी पाळी सुटल्यावर तोफेच्या स्कूटरवर मागं बसून घरी जात होते. मी दोनदा डोळ्यांनी बघितलं होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

गुणवत्ता विभागात एक नवीन इंजिनिअर बाई आल्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. वयानं माझ्या भाचीपेक्षा थोड्याच मोठ्या. आवाज इतका हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. हळू बोलणाऱ्यांचा मला जास्त संशय येतो. मॅडमनी कुणाला दोष दिला नाही, आरडाओरडा केला नाही. त्यांनी एक परीक्षा काढली. तीस काळी दारं घेतली. काही चांगली, काही वाईट, काही अगदी हद्दीवरची. प्रत्येकाच्या मागं नंबर टाकला आणि त्यावर कागद चिकटवला. आम्ही तिघं तपासनीस, म्हणजे दाजी, मी आणि सुट्टीच्या बदल्यात येणारी बाई. प्रत्येकानं तीसही दारं तीन वेळा बघायची, मध्ये चार-चार दिवस सोडून, आणि दर वेळी क्रम बदललेला. आपण आधी काय म्हणालो होतो ते कुणालाच कळायची सोय नव्हती.

निकाल लागला. बदली बाईचं तीनही वेळा एकच मत पडलं ते पंचवीस दारांबाबत. माझं चोवीस. मॅडम म्हणाल्या, हे वाईट नाही, माणसाच्या डोळ्याचं असंच असतं. दाजींचे होते तीसपैकी तीस. एकाही दारावर त्यांनी मत बदललं नव्हतं.

रंगखात्यात तोफेनं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मॅडमनीही नाही. त्यांनी मला खोलीत बोलावलं. आत मोठे साहेब बसले होते. मॅडमनी कागद माझ्याकडं फिरवला. त्याच तीस दारांवर गिऱ्हाइकाचा निकालही त्यांनी मागवला होता. गिऱ्हाइकानं नाकारलेली सात दारं दाजींनी पास केली होती. तीनही वेळा, तीच सात.

"एखाद्याला दिसत नसेल तर तो कधी हो म्हणेल, कधी नाही म्हणेल," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यासारखं. पण सात दारं, एकवीस वेळा, आणि एकदाही हात अडखळला नाही? हे मला समजत नाही."

साहेबांना समजलं होतं. "त्याला नंबर माहीत होते," ते म्हणाले. "रंगखात्यानं दारं ओळखून दिली असणार. कुठली सोडायची ते ठरलेलं होतं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचे कोण लागतात ते?"

"बहिणीचे यजमान."

"मग तुमचं काय मत?"

"मी घरचा आहे," मी म्हणालो. "माझं मत घेऊ नका."

हे बोलताना मला वाटलं, मी फार सभ्यपणा केला. खरं सांगायचं तर माझं मत साहेबांसारखंच होतं आणि ते तोंडातून बाहेर पडेल म्हणून मी तोंड बंद ठेवलं. साहेबांनी ठरवलं की सोमवारपासून दाजींना बूथमधून काढून पॅकिंगला बसवायचं, खोके चिकटवायला. मॅडम म्हणाल्या, मला आठवडा द्या, मी अजून शोधते. एक आठवडा मिळाला.

बातमी माझ्याआधी ताईच्या घरी पोचली. मी गेलो तेव्हा दाजी भिंतीकडं तोंड करून झोपले होते, दिवसाढवळ्या. ताईनं चहा दिला आणि समोर बसली. "खोके चिकटवायला लाज नाही रे," ती म्हणाली. "पण चोर म्हणून बसवणार आहेत. तीन वर्षं राहिलीत नोकरीची. तीन वर्षं सगळे येता-जाता बघणार, हाच तो. हे घरात बोलायचेच बंद होतील. मला माहीत आहेत ना हे."

मी चहा पीत होतो.

"तुला काय वाटतं? ह्यांनी केलं असेल?"

मी आणखी एक घोट घेतला. ताईनं माझ्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा होता त्यात. ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

घरी जाताना मला तिचा राग आला, मग माझा आला. त्या रागातच ठरवलं, आपण स्वतः बघायचं. चोरी असेल तर डोळ्यांनी बघू. नसेल तर तेही डोळ्यांनी बघू. ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही, अगदी माझ्या स्वतःच्या मनानं सांगितलेल्यांवरसुद्धा.

माझी पाळी तीनला सुरू व्हायची. मी अडीचलाच आत जायला लागलो. बूथच्या समोर तयार दारांचे रॅक असतात, माणसाच्या उंचीचे. त्यांच्या मागं उभं राहिलं की फटीतून बूथ सरळ दिसतो. तीन दिवस मी तिथं श्वास रोखून उभा होतो. एक रंगारी मला तिथं बघून "काय हरवलंय का?" म्हणाला. मी म्हणालो, पेन.

पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. म्हणजे दाजी दारं बघताना दिसले. त्यांची एक ठरलेली रीत होती. दार टांगलं की एक हात अंतरावर उभं राहायचं, आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग गुडघे वाकवून खालून. पाटी डाव्या हातात. पाटीकडं बघायचं, दाराकडं बघायचं, पुन्हा पाटीकडं. शंभरावं दारही पहिल्यासारखंच. मी दहा दारांनंतर पाटी खिशात टाकतो आणि अंदाजानं जातो. त्या दिवशी त्यांनी तोफेची अकरा दारं परत पाठवली आणि पाळी सुटल्यावर त्याच्याच स्कूटरवर बसून घरी गेले. तोफेचं तोंड इतकं वाकडं झालं होतं की स्कूटर देऊन त्याला काय मिळालं असेल ते मला कळून चुकलं. काहीच मिळालं नव्हतं. माझा एक धागा तुटला.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला दाजींनी बूथचा पडदा अर्धा ओढला. मी कान टवकारले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, भिंतीतलं छोटं कपाट उघडलं, रुमालाएवढं फडकं काढलं आणि पाठमोरे होऊन काहीतरी करू लागले. खांदा हलत होता. मला वाटलं, सापडलं! दारांवर खूण करतायत. पण दार तिथं नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी मी रॅकच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथून त्यांचे हात दिसले. डाव्या हातात काळी पाटी होती. तिच्यावर त्यांनी तोंडानं वाफ सोडली आणि फडक्यानं पुसायला लागले. गोल गोल, हलक्या हातानं, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसं. उजेडात धरून बघितलं, पुन्हा वाफ, पुन्हा पुसणं. मग फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, पडदा सारला.

एवढंच? मी चिडलो. तीन दिवस रॅकमागं उभं राहून मला काय सापडलं, तर एक माणूस पाटी पुसतो! मग एकदम मनात आलं, कशाला पुसतो? माझी पाटी मी कधी पुसली होती? माझा पाट्यांचा संच वेगळा होता, दुसऱ्या पाळीचा. तपकिरी पाकिटात. पाकीट फळीवर, त्यावर माझा जेवणाचा डबा. मी धुरकटपणाची पाटी बाहेर काढली. डब्याचा तेलकट डाग पाकिटावर होता, पाटीवर नव्हता. मागं गिऱ्हाइकाची सही होती आणि तारीख होती. चार वर्षांपूर्वीची. खाली लिहिलेलं होतं, एका वर्षानंतर बदलणे. हे मी चार वर्षांत पहिल्यांदा वाचत होतो.

पाळी चालू झाल्यावर मी मॅडमकडं जाऊन कपाटाची दुसरी किल्ली मागितली. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही, त्या किल्ली घेऊन माझ्याबरोबर आल्या. दोन्ही पाट्या आम्ही बूथच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या.

एकाच दिवशी, एकाच दारातून कापलेल्या पाट्या होत्या त्या. माझ्या पाटीवर अगदी पुसटसा धुरकटपणा होता, शोधावा लागेल इतका. दाजींच्या पाटीवर काळा रंग राखाडीकडं झुकला होता. तिरकं धरल्यावर बारीक बारीक गोल रेघा दिसल्या, हजारो, एकात एक. मॅडमनी पाटी उलटी केली. मागं सही नव्हती, तारीख नव्हती. अंगठा जिथं येतो तिथं नुसता पत्रा गुळगुळीत झाला होता.

मॅडमनी दोन्ही पाट्या पुन्हा उजेडात धरल्या. मग म्हणाल्या, "म्हणून तीसपैकी तीस."

मला समजायला आणखी थोडा वेळ लागला. दाजी चुकत नव्हतेच. दर वेळी पाटीशी बरोब्बर जुळवत होते. कामाला लागताना एकदा आणि उठताना एकदा, चार वर्षं रोज, कोरड्या फडक्यानं ते ती हद्द पुसत होते. हद्द तसूतसूनं सरकत गेली आणि तिच्याबरोबर इमानदारीनं तेही सरकत गेले. माझ्या पाटीला आळसानं वाचवलं होतं. त्यांची पाटी काळजीनं खाल्ली होती.

"साहेबांना मी आत्ता सांगते," मॅडम म्हणाल्या. "चोरीचा प्रश्न मिटला."

"थांबा," मी म्हणालो. "आधी मी त्यांना सांगतो. उद्या सकाळपर्यंत थांबा."

का म्हणालो ते मला त्या क्षणी नीट माहीत नव्हतं. चोर नाही म्हटल्यावर त्यांना आनंदच व्हायला हवा होता. पण मी त्यांना ओळखत होतो. या माणसाला खोटेपणाचा आरोप झेपला असता, कारण तो खोटा होता. हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. मी सकाळीच गेलो. मॅडमकडून दोन्ही पाट्या मागून घेतल्या होत्या. ताईनं दार उघडलं आणि बाजूला झाली, ये म्हणाली नाही. दाजी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. मी पाट्या ओट्यावर ठेवल्या.

त्यांनी दोन्ही उचलल्या, उठून ट्यूबखाली गेले. मान एका बाजूला कलती केली. डावीकडून, उजवीकडून, खालून. मग माझ्याकडं वळले. मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं नव्हतं.

"माझी पाटी कुणी खराब केली?"

पाटी त्यांनी माझ्यापुढं धरली.

"किल्ली माझ्याकडं असते. दुसरी ऑफिसात. तू घेतलीस ना? वर्षभर तुला माझं काम खुपतंय. रॅकमागं लपून काय बघत होतास? काळ्या दारात माणूस दिसतो रे! तीन दिवस दिसत होतास तू मला. म्हटलं बघू दे, आपण काय लपवतोय!"

ताई ओट्याशी थिजून उभी होती. मला सगळ्या जन्मात कुणी असं पकडलं नव्हतं. कानापर्यंत तापलो. उलटून बोलायला तोंड उघडलं, पण त्यांच्याकडं बघून मिटलं. ते पाटीचा कोपरा चाचपत होते. तिथं एक बारीक टवका होता, त्यांच्या हातून कधीतरी पडल्याचा. पाटी त्यांचीच होती, ती कुणी बदललेली नव्हती. मग त्यांनी ती उलटी केली आणि जिथं सही असायची तिथं अंगठा ठेवला. अंगठा त्या गुळगुळीत जागेवर बरोबर बसला.

"पुसून," ते म्हणाले.

खुर्चीवर बसले ते धपकन. ताईनं पाणी पुढं केलं, ते तसंच राहिलं.

"धूळ बसू नये म्हणून पुसायचो," ते मला म्हणाले, समजावल्यासारखं. "पाटी स्वच्छ पाहिजे ना."

"हो दाजी."

"मग मी किती दारं सोडली अशी?"

मी म्हणालो, "तुम्ही चोरी केली नाही, हे साहेबांना आज कळेल. तुम्हाला कुणी हलवणार नाही." हे मी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. ते शर्ट घालायला उठले होते.

सुट्टीच्या दिवशी ते माझ्याबरोबर कारखान्यात आले. मॅडमना सांगायची वेळच आली नाही, यांनीच दारात उभं राहून सगळं सांगितलं, साहेबांसमोर, तोफेसमोर, खाली मान न घालता. मग म्हणाले, गोदामात माझ्या शिक्क्याची जेवढी काळी दारं पडून आहेत ती मला परत द्या आणि ह्याची पाटी द्या. चारशे बारा दारं होती. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कुणाकडून बघून घेऊ. दाजी म्हणाले, "शिक्का कुणाचा आहे?"

अडीच दिवस ते उभे होते. मी दारं टांगत होतो आणि उतरवत होतो. माझी पाटी त्यांच्या डाव्या हातात, डावीकडून, उजवीकडून, खालून. एकसष्ट दारांवर त्यांनी स्वतःच्या शिक्क्यावर स्वतःच्या हातानं लाल पट्टी लावली. सुरुवातीला रंगखात्यातली माणसं गंमत बघायला काचेपाशी येत होती. पन्नासाव्या दारानंतर कुणी येईना. तोफ शेवटी आत आला आणि काही न बोलता माझ्या हातातून दार घेऊन टांगायला लागला.

त्यानंतर मॅडमनी सगळ्याची घडी बसवली. नव्या पाट्या आल्या, तीन-तीन संच. एक मॅडमच्या कपाटात, कुणी हात लावायचा नाही. दर महिन्याला आमच्या पाट्या त्याच्याशी ताडून बघायच्या. फडकं बंद, मऊ ब्रशनं धूळ झटकायची. मागची सही प्लॅस्टिकच्या पट्टीखाली. उभं राहायची जागा जमिनीवर पिवळ्या रेघेनं आखलेली, आणि बघायची रीत तीच, दाजींची, आता भिंतीवर लिहून लावलेली. माझी पाटी खिशात जाणं बंद झालं. दर तीन महिन्यांनी परीक्षा.

पहिल्या परीक्षेत मला सत्तावीस मिळाले, आयुष्यात पहिल्यांदा दाजींपेक्षा जास्त. दाजींना सव्वीस. सव्वीसच्या सव्वीस गिऱ्हाइकाशी जुळलेले. मॅडम त्यांना म्हणाल्या, "किती छान! आता तुमचा निकाल खरा आहे." साहेबांनीही हात मिळवला. ताईनं मला घरी बोलावून पूर्ण कप चहा दिला.

मी खूश होतो. कामही नीट चाललं होतं, बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली, कारण माझं लक्ष अशाच गोष्टींकडं जातं. पूर्वी पाळी बदलताना बूथ रिकामा मिळायचा. आता मी तीनला गेलो की दोन-चार दारं बाजूला टांगलेली असायची, ना शिक्का, ना पट्टी. मी विचारलं तर दाजी म्हणायचे, वेळ नाही मिळाला.

परवा मी पोचलो तेव्हा ते एका काळ्या दारापुढं उभे होते. पिवळ्या रेघेवर, पाटी हातात. डावीकडून बघितलं, उजवीकडून, वाकून खालून. पुन्हा डावीकडून. मला बघून म्हणाले, "पाहुणे, जरा इकडं या. हे धुरकट आहे का?"

माझा स्वभाव जातो कुठं. पहिला विचार आला तो हाच, की हे मला तपासतायत. त्या रॅकमागच्या तीन दिवसांची फेड करतायत. मी त्यांच्याकडं पाहिलं, चेष्टेची एखादी खूण सापडते का बघायला. ते दाराकडंच बघत होते. त्यांना खरोखर ठरवता येत नव्हतं.

दार स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की त्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे दिसत होतो.

"चांगलं आहे दाजी," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

तरी त्यांनी शिक्का मारला नाही. तो माझ्या हातात दिला आणि डबा घ्यायला वळले.